मयतीचा तंबू रानात

तंबू म्हटला की आमच्या गाबोरोनीत दोनच कारणं असतात. एक तर घरात लग्न असतं, नाहीतर घरातलं कोणीतरी गेलेलं असतं. तंबू तिसऱ्याही कारणासाठी लागतो हे मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नव्हतं तोवर माझं बरं चाललं होतं.

मी नकाशांच्या सरकारी कचेरीत आहे. उभ्या बोत्सवानातल्या नद्या, पाणवठे, सिंहाचं रान, हत्तींच्या वाटा, सगळ्यांवर माझी सही आहे. एके दिवशी एक गोरा प्रवासी बोतेती नदीकाठच्या रानाचा नकाशा घ्यायला आला. इथं पाणी, इथं वाळू, इथं गाडी रुतते, असं मी त्याला पेन्सिल फिरवून छान समजावून दिलं. जाताना त्यानं विचारलं, "तुम्हाला स्वतःला यातली कुठली जागा आवडली?" मी म्हणालो, "मी तिकडे गेलेलो नाही." तो हसला असता तर मी विसरून गेलो असतो. पण त्यानं माझ्याकडे, एखाद्याच्या घरी आजारपण आहे असं कळल्यावर बघतात तसं बघितलं. ते मला फार लागलं. घरी आल्या आल्या मी जाहीर केलं की स्वातंत्र्यदिनाला जोडून आलेल्या सुट्टीत आपण रानात तंबू ठोकून राहायचं.

"राहू," माझी बायको बोनोलो म्हणाली. बोनोलो म्हणजे आमच्या भाषेत मवाळ. नावं पाळण्यात ठेवतात, त्यामुळे असे अंदाज चुकतात. "पण आधी ओरातिलेच्या लग्नाचं सांगा. सेरोवेची माणसं आणखी किती थांबतील?"

ओरातिले आमची एकुलती एक. मुलगा सेरोवेचा, चांगला होता, त्याच्या घरचे चांगले होते, सगळं अडलं होतं ते मामांपाशी. आमच्याकडे मुलीला मागणी घालायला वरपक्ष उजाडायच्या आत येतो आणि त्यांना फाटक उघडायचं असतं ते मुलीच्या मामानं. बापानं उघडायचं नाही. बापाला त्या दिवशी कोणी काही विचारतसुद्धा नाही. मामानं फाटक उघडलं नाही तर पाहुणे आल्या पावली परत. आणि आमचे मामा, म्हणजे बोनोलोचे थोरले भाऊ दितिरो, माझ्याशी बोलत नव्हते.

कारण बैलाचं डोकं. ओरातिलेच्या पदवीच्या जेवणाला आम्ही बैल कापला. बैलाचं डोकं मामाचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पण स्वयंपाकाला मी शहरातली भाड्याची माणसं लावली होती. त्यांनी ते डोकं शिजवून वाद्यवाल्यांना वाढलं. मामा पानावरून उठले आणि आपल्या गावी, मोलेपोलोलेला निघून गेले. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा मनधरणी करायला गेलो, तेव्हा ते माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बोनोलोला सांगायचे, "तुझ्या नवऱ्याला सांग, मी घरी नाही." ज्या माणसाशी आपण बोलत नाही त्याचं फाटक उघडायचं कसं, असा त्यांचा सवाल होता. मुलगी रोज फोन करून विचारायची, "बोलले का?" आणि आम्ही हवापाण्याच्या गप्पा मारायचो.

तर रान. रानात राहायचं म्हणजे दोन कचेऱ्या. एकीत आत शिरायचा परवाना मिळतो, दुसरीत आत झोपायचा. पहिली म्हणे, झोपायची जागा ठरल्याशिवाय आत सोडता येत नाही. दुसरी म्हणे, आत सोडतील याची खात्री असल्याशिवाय झोपायला जागा देता येत नाही. मी स्वतः सरकारी माणूस असल्यामुळे या दोघांचंही म्हणणं मला पटलं. शेवटी बोनोलो एका कचेरीत बसली, मी दुसरीत, आणि फोनवरून आम्ही दोन्ही कचेऱ्यांतल्या बायकांची एकमेकींशी गाठ घालून दिली. त्या एकाच शाळेतल्या निघाल्या.

"तंबूचं काय करायचं?" मी विचारलं.

"आहे की आपला," बोनोलो म्हणाली.

बोनोलो आमच्या गल्लीच्या मयत-भिशीची चिटणीस आहे. गल्लीत कोणी गेलं की भिशीतून बैल, किराणा, शवपेटी असं सगळं होतं. भिशीच्या मोठमोठ्या तीन पायांच्या कढया, खुर्च्या आणि तंबू आमच्या मागच्या खोलीत असतात. तंबू म्हणजे तंबू, असं मलाही वाटलं. रानात झोपायचा तंबू वेगळा असतो, तो काखोटीला मारून नेता येतो, हे मला नंतर नाक्यावर कळलं. आमच्या तंबूत अख्खी गल्ली जेवते.

निघायच्या आदल्या दुपारी आम्ही तो तंबू, त्याचे लोखंडी पाइप आणि एक कढई उसन्या पिकअपवर चढवायला बाहेर काढली. पाइप खणखणले. थोड्याच वेळात समोरची गोसेगोची आई डोक्यावर लाकडाची मोळी आणि हातात साखरेची पिशवी घेऊन आमच्या फाटकातून रडत आत आली.

"बाई गं, झालं तरी काय? काल तर बरे होते!" ती बोनोलोच्या गळ्यात पडली.

मी पाइप धरून मागेच उभा होतो. "कोण काल बरं होतं?" मी विचारलं.

तिनं मला पाहिलं आणि तिचं रडणं थांबलं. पण तोवर मागून आणखी बायका शाली पांघरून येत होत्या, कोपऱ्यावरचे निवृत्त हवालदार मोलाओ डोक्यावरची टोपी काढून येत होते, आणि त्यांच्यामागे पाद्रीबुवा. संध्याकाळची प्रार्थना किती वाजता ठेवायची, असं पाद्रीबुवांनी मलाच विचारलं. कोणीही गेलेलं नाही, हे मी खुर्चीवर चढून सांगितलं. लोकांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

"मग तंबू कशाला काढला?" गोसेगोच्या आईनं विचारलं.

"रानात झोपायला."

यावर जी शांतता पसरली ती मयतीलासुद्धा नसते. "घर आहे ना तुम्हाला?" ती म्हणाली. "छप्पर आहे, पलंग आहे. गोरे लोक करतात ते ठीक आहे, त्यांना काही उद्योग नाही." हवालदार म्हणाले, की लहानपणी गुरांच्या वाड्यावर ते उघड्यावरच झोपत, पण त्याला कोणी सहल म्हणत नसे. मग त्यांनी मला सल्ला दिला की सिंह आला तर त्याच्यासमोर छत्री फटकन उघडावी. गोसेगोची आई म्हणाली की सिंहाचं सोडा, तरसाला साबणाचा वास आवडत नाही, तेव्हा उशाला साबण घेऊन झोपा. साखर तिनं परत नेली. मोळी मात्र राहिली, ती पुढे उपयोगी पडली.

हे सगळं निवळतंय तोच फाटकाशी टॅक्सी थांबली आणि काळा कोट, काळी टोपी घातलेले दितिरोमामा उतरले. बातमी मोलेपोलोलेपर्यंत पोचली होती. ते घाईघाईनं आत आले. अंगणात मला उभा बघून त्यांनी टोपी काढली, मग पुन्हा घातली.

"बोनोलो," ते म्हणाले, "हा तर उभा आहे."

"हो दादा."

"मला सांगितलं गेला म्हणून. मी टॅक्सी करून आलो." त्यांचा श्वास लागला होता. डोळ्यांत पाणी होतं का हे मला नक्की सांगता येणार नाही, त्यांनी लगेच तोंड फिरवलं. "तुझ्या नवऱ्याला सांग, माणसानं असले खेळ करू नयेत."

बोनोलोनं मला तसं सांगितलं. ते परत निघणार हे दिसत होतं. पण बोनोलोनं फाटक धरलं. "दादा, आम्ही रानात चाललोय. सिंहाच्या रानात. मी एकटी, ह्यांच्या भरवशावर."

मामांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. इतक्या दिवसांत त्यांनी मला दिलेली ही पहिली सरळ नजर होती आणि ती फारशी बरी नव्हती. "या माणसाच्या भरवशावर माझी बहीण रानात जाणार नाही," ते म्हणाले आणि पिकअपच्या पुढच्या सीटवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो तेव्हाही ते तिथंच होते; गाडी बोनोलोनं चालवली आणि सगळा प्रवास मी मागे, कढईला टेकून केला.

प्रवासाचं विशेष काही नाही. गुरांची साथ पसरू नये म्हणून असलेल्या नाक्यावर सगळ्यांना उतरून औषधी पाण्यात बूट बुडवावे लागतात. मामांच्या पायात मयतीसाठी पॉलिश केलेले नवे चामडी बूट होते. "तुझ्या नवऱ्याला सांग, हे बूट त्याच्यामुळे गेले," असं त्यांनी बोनोलोला सांगितलं आणि शिपायालाही सांगितलं. पुढे रानाच्या नाक्यावर वनखात्याच्या बाईंनी आमच्या पिकअपला एक चक्कर मारली.

"लग्न कोणाचं आहे?"

"लग्न नाही. राहायला आलोय."

"समारंभाला वेगळी परवानगी लागते, साहेब."

"समारंभ नाहीये."

"पाहुणे किती?"

"कोणी नाही. आम्ही तिघं."

त्यांनी पाइपांकडे पाहिलं, मग मामांच्या काळ्या कोटाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आत प्रेत आणलंय का?" मी हात जोडले. शेवटी अर्धाच तंबू उभारायचा, गाणी म्हणायची नाहीत आणि पाण्याच्या कडेला जायचं नाही, या अटींवर त्यांनी आम्हाला सोडलं.

जागा नदीकाठी होती. मी नकाशावर शेकडो वेळा पाहिलेली जागा, पण नकाशावर ती सपाट असते. मामा गाडीतून उतरले आणि त्यांनी लगेच नदीकडे पाठ केली. याचं कारण असं, की मामांच्या कुळाचं देवक मगर आहे. त्यांच्यात मगर मारत नाहीत, तिचं नाव घेत नाहीत आणि तिच्याकडे बघतही नाहीत. मगर नजरेला पडली तर डोळे सुजतात, घरावर काहीतरी ओढवतं, असं मानतात. मामांच्या आजोबांनी एकदा चुकून पाहिली होती आणि त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. आमच्या कुळाचं देवक माकड. माकडाला आम्ही दगड मारत नाही, हाकलत नाही, वडीलधाऱ्यासारखं वागवतो. गाबोरोनीत या दोन्हींचा काही त्रास होत नाही.

तंबू उभारायला भिशीची आठ-दहा माणसं लागतात. आम्ही तिघं होतो आणि त्यातले दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. मी खुंटी ठोकत होतो. मामा माझ्यापासून हातभर अंतरावर पाइप धरून उभे होते.

"बोनोलो, त्याला सांग, खुंटी उलटी आहे."

"अहो, दादा म्हणतोय खुंटी उलटी आहे."

"दादाला सांग, ऐकू आलं."

"दादा, ऐकू आलं म्हणतायत."

"मग सरळ का करत नाही, विचार."

शेवटी एक बाजू उभी राहिली, बाकीचं कापड आम्ही पिकअपला बांधलं. सावली भरपूर झाली, भिंती कमी पडल्या. बोनोलोनं ज्वारीच्या पिठाची घट्ट उकड शिजवली, सोबत घरून आणलेलं कुटलेलं मांस होतं. अंधार पडल्यावर नदीत कोणीतरी घोरल्यासारखं केलं. मामा म्हणाले, "पाणघोडा." मी म्हणालो, "हत्ती." हे आम्ही दोघांनीही बोनोलोला सांगितलं. रात्री झोप कोणालाच लागली नाही. मी एका हातात छत्री आणि एका हातात साबण घेऊन पडून होतो. त्या गोऱ्या प्रवाशाला यात काय आवडत असेल, याचा मी बराच विचार केला.

उजाडल्यावर बोनोलोला डोळा लागला. तिला उठवायची आमच्या दोघांचीही छाती झाली नाही. त्यामुळे विस्तवापाशी मी आणि मामा असे दोघंच उरलो आणि मध्ये निरोप न्यायला कोणी नव्हतं.  मग मामांनी विस्तवावरच्या किटलीकडे पाहिलं.

"किटले," ते म्हणाले, "त्याला सांग, त्याचे भाऊबंद आलेत."

मी वळून पाहिलं. झाडावरून माकडं उतरत होती. सगळ्यात पुढे एक थोराड माकड होतं, ते सरळ तंबूत शिरलं. त्याच्यामागे बाकीची. त्यांनी पावाचं पुडकं उचललं, तळलेल्या गोड गोळ्यांचा डबा उघडला, पिठात हात घातले. मी उठून उभा राहिलो. दुसरा कोणी असता तर त्यानं जळतं लाकूड उचललं असतं. मी टोपी काढली. वाडवडिलांनी शिकवलंय, काय करणार? मी त्यांना आमच्या पद्धतीनं नमस्कार केला आणि म्हणालो, "आजोबा, पोटापुरतं घ्या."

"किटले," मामा म्हणाले, "त्याला विचार, आजोबांना चहा देऊ का?"

"किटले," आता मीही चिडलो होतो, "त्यांना सांग, त्यांच्या देवकापेक्षा बरं आहे. आमचं निदान पाव खातं, माणूस खात नाही."

मामांच्या नाकपुड्या फुगल्या. पण तेवढ्यात थोराड माकडानं त्यांची काळी टोपी उचलली आणि मामा काठी घेऊन धावले. त्यांना बंदी नव्हती. ते तंबूभोवती धावत होते आणि मी त्यांच्यामागून धावत किटलीला सांगत होतो, की हळू मारा, म्हातारं आहे ते, लंगडतंय. धावपळीत एक माकड पाण्याच्या कॅनवर चढलं, झाकण निघालं, आणि आमचं सगळं पाणी वाळूत गेलं. वाळूवर थोडा वेळ डाग राहिला, मग तोही गेला. माकडं टोपी टाकून झाडावर जाऊन बसली. बोनोलो रात्रभराच्या जागरणामुळे या दंग्यातही उठली नाही. मामा घामाघूम होऊन विस्तवापाशी बसले. पिकअपमध्येही पाणी नव्हतं. नाका लांब होता, आणि किटलीतलं पाणी आटून गेलं होतं.

आता नदी. नदीकडे मामा बघू शकत नव्हते. मी बघू शकत होतो.

"किटले, त्याला सांग, नाक्यावरची बाई काय म्हणाली होती."

"किटले, त्यांना सांग, मी नकाशाखात्यात आहे. पाण्याची कड कुठं आहे ते मला कळतं."

मी भिशीची बादली घेतली आणि उतारावरून खाली गेलो. मागे पाहिलं तर मामा उपड्या कढईवर, नदीकडे पाठ करून ताठ बसले होते. सकाळ छान होती. पाणी संथ होतं. काठाच्या चिखलात एक ओंडका पडलेला होता. मी वाकून बादली बुडवली. बादलीत कचरा आला म्हणून ओतली आणि पुन्हा बुडवली. वर झाडात माकडं ओरडायला लागली. मला वाटलं, मघाचा पाव वाटून घेतायत.

मामांनी मला नंतर सांगितलं, की लहानपणी ते नदीकाठी गुरं राखत. माकडं भांडताना एकमेकांकडे बघतात. ही सगळी एकाच दिशेला बघून ओरडत होती आणि ती दिशा माझी होती.

मला इतकंच ऐकू आलं, की माझ्या पाठीमागे कोणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडलं.

"रापुला! मागे हो! मगर, मगर! मागे हो गाढवा!"

माझं नाव रापुला आहे. मी वळून पाहिलं. मामा कढईवरून उठून उतारावर उभे होते, तोंड नदीकडे, डोळे सताड उघडे, हात माझ्यापलीकडे रोखलेला. मग मी ओंडक्याकडे पाहिलं. तो जागेवर नव्हता. मी बादली सोडली आणि वर कसा आलो ते मला आठवत नाही. मागे पाणी फुटल्याचा आवाज झाला, आणि भिशीची बादली गेली.

मामांनी माझा दंड धरला.  आम्ही दोघं तिथंच उतारावर बसलो. मला वाटलं आता ते डोळे झाकतील, थुंकतील, काय ते प्रायश्चित्त करतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. त्यांनी तोंड उघडलं.

"अक्कल आहे का तुला? माझ्या बहिणीला पांढरं कपाळ करून घरी नेऊ का मी? नकाशाखातं! तुझ्या नकाशात मगरी दाखवत नाहीत का? मयतीचा तंबू आणतोस, माकडाला आजोबा म्हणतोस, मेलास म्हणून मला रडवत टॅक्सीनं आणतोस आणि आता खरंच मरतोस? माझे नवे बूट! आणि ते डोकं! कुणाला दिलंस ते डोकं? ढोल वाजवणाऱ्याला! ढोलाला कधी डोकं लागलंय का? मी आलो होतो ना तुझ्या दारात? मला एकदा हात धरून बसवायचं होतंस, मूर्खा. मी बसलो असतो!"

ते थांबेनात. मध्येच त्यांचा आवाज फुटत होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. बाहेरच्या कोणी ऐकलं असतं तर म्हटलं असतं, या माणसाची काय शोभा चालली आहे. मी मात्र मान खाली घालून ऐकत होतो आणि मला इतकं बरं वाटत होतं, की ते दम घ्यायला थांबले तेव्हा मी म्हणालो, "आणि खुंटी पण उलटी ठोकली."

"उलटी ठोकली! बैलानं ठोकली असती तर सरळ ठोकली असती!"

या आरडाओरड्यानं बोनोलो तंबूतून बाहेर आली. विस्कटलेले केस, खांद्यावर शाल. पाणी नाही, पाव नाही, तंबू निम्मा पडलेला. मला वाटलं, आता हिचं सुरू होईल. पण भाऊ नवऱ्याला तोंडावर, नाव घेऊन शिव्या देतोय, हे ती तिथंच उभी राहून ऐकत राहिली. मग शालीच्या टोकानं तिनं नाक पुसलं, फोन घेतला आणि तंबूमागच्या मोठ्या वारुळावर अनवाणी चढली. तिथं थोडी रेंज येत होती.

"ओरातिले," ती ओरडली, "पोरी, सेरोवेला कळव, येऊ देत म्हणावं. मामा बोलला!"